अटकेचा फलक ठाण्याच्या दारात लावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेवराई तालुक्यातल्या एका बाजारगावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीक विम्याचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले हे रोजचं काम. पण मधूनच कुणीतरी हातात कसलाही कागद न घेता येतं, कोपऱ्यात उभं राहतं आणि गर्दी पांगली की हळू आवाजात विचारतं, "ताई, आमच्या माणसाला पोलिसांनी नेलंय. कुठं ठुलंय ते कम्प्युटरवर दिसतं का?" या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर असलं पाहिजे, असा कायदा आहे. तो आमच्या भागात पाळला जात नाही, म्हणून हे पत्र.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम ३७ मोजक्या ओळींचं आहे. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात एक अधिकारी नेमायचा, तो सहायक फौजदारापेक्षा खालच्या दर्जाचा नको. अटक केलेल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि गुन्ह्याचं स्वरूप याची नोंद त्याने ठेवायची. ही माहिती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची, डिजिटल पद्धतीने लावली तरी चालेल. जुन्या संहितेतही २०१० पासून अशी तरतूद होती, पण तेव्हा फलक जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेर लावायचा होता. आता तो आपल्या ठाण्यापर्यंत आला आहे. त्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात अटकेचे अकरा नियम घालून दिले. त्यातला शेवटचा नियम हाच होता: अटकेची आणि कोठडीच्या जागेची खबर बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला द्यायची आणि ती तिथल्या फलकावर सगळ्यांना दिसेल अशी लावायची.

कामानिमित्त मला वेगवेगळ्या ठाण्यांत जावं लागतं. तिथे हद्दीतल्या गावांची यादी असते, आजवरच्या ठाणेदारांची नावं आणि तारखा असतात, गुन्ह्यांचा तक्ता असतो, महिला सुरक्षेचे फोन नंबर असतात. अटक केलेल्यांचा फलक शोधावा लागतो. एका ठिकाणी तो ठाणे अंमलदाराच्या खुर्चीमागे होता, म्हणजे बाहेरच्या माणसाला वाचता येणार नाही अशा जागी, आणि त्यावरची शेवटची नोंद इतकी जुनी होती की खडूची अक्षरं पुसट झाली होती. मी विचारलं तर तिथले जमादार चांगल्या शब्दांत म्हणाले, "मॅडम, आता सगळं ऑनलाइन असतं."

ऑनलाइन काय असतं ते मी पुढे सांगते. आधी गोदाकाठच्या एका बाईबद्दल लिहिते. नवरा वारलेला, मुलगा वाळूच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, वाळूचा पैसा तिसऱ्याचा, आणि रात्री पोलिसांच्या हाती लागतो तो स्टिअरिंगवर बसलेला पोरगा. त्याला जीपमध्ये घालून नेलं हे गावातल्या दोघांनी पाहिलं, पण जीप कोणत्या ठाण्याची ते अंधारात कळलं नाही. सकाळी ती आणि तिचे दीर जवळच्या ठाण्यात गेले. "आमच्याकडं नाही, एलसीबीनं उचलला असंल," असं उत्तर मिळालं. एलसीबी म्हणजे जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा, म्हणून बीडला गेले. तिथून "ज्या हद्दीत गुन्हा, तिथं विचारा" म्हणून परत पाठवलं. मुलाचा मोबाइल बंद. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत मुलाचं आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. "लेकरू उपाशी असंल," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी पोलिसांचं पोर्टल उघडून आजूबाजूची सगळी ठाणी पाहिली. कुठेही नाव नाही. शेवटी तो सापडला एका वर्तमानपत्रात. अवैध वाळू वाहतूक करणारा चालक जेरबंद, अशी बातमी आणि ठाण्याच्या पायऱ्यांवर पोलिसांच्या मधोमध उभा केलेला त्याचा फोटो. तोवर त्याला न्यायालयात हजर करून कोठडीही मिळाली होती.

आईला जे सांगितलं नाही ते पत्रकारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटोसकट गेलं होतं. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे. प्रेस नोट टाईप करायला वेळ असतो, फोटो काढायला माणूस असतो, मग नातेवाइकाला एक फोन करायला काय आडवं येतं? कलम ४८ सांगतं की अटक होताच त्या माणसाने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला, अटक झाल्याचं आणि कुठे ठेवलंय ते ताबडतोब कळवायचं. कलम ३६ सांगतं की अटक पत्रकावर घरातल्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. नंतर त्या मुलाचे कागद मी पाहिले. सही करणारा ना घरचा होता, ना गावाला माहीत असलेला.

फलक मला हवा आहे तो चोवीस तासांसाठी. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे आणि संहितेच्या कलम ५८ मध्येही. पण हे चोवीस तास कधी सुरू झाले, ते घरच्यांना कळायला मार्ग नाही. "अटक केलेली नाही, चौकशीला बसवलंय," हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक घराने कधी ना कधी ऐकलेलं असतं. बसवलेल्या माणसाला उठून घरी जाता येत नसेल तर तो अटकेतच आहे. फलकावर नाव आणि अटकेची वेळ लिहिलेली असेल तर आई घड्याळ बघू शकते. नाव लिहिलेलं नसेल तर ती विचारू शकते की साहेब, तुमच्या फलकावर तो नाही, मग तो माझ्यासोबत घरी का येत नाही? आज तिच्या हातात बोट दाखवायला काहीच नाही.

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट, सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी जपून ठेवायचं आहे. पण चित्रण मागायचं तर माणूस त्या रात्री कोणत्या ठाण्यात होता हे आधी सिद्ध करावं लागतं. नाव आणि वेळ नोंदली नसेल तर कॅमेराही कामाचा नाही. परभणीची आठवण इथे येणारच. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या आंदोलनात धरपकड झाली, आणि अटक झालेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणात गुन्हा नोंदवायला सांगितलं. धरपकडीच्या त्या आठवड्यात मराठवाड्यातल्या किती घरांत रात्रभर दिवा जळत होता, ते आम्हा सेवा केंद्रवाल्यांना विचारा.

आता ऑनलाइनचं. ज्यांना गरज पडेल त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआरचा एक विभाग आहे आणि अटक आरोपींचा एक. दोन्हीकडे जिल्हा, ठाणे आणि तारखा टाकून बघता येतं. नाव टाकून शोधू नका. गावात ज्याला सगळे माऊली म्हणतात तो आधारवर ज्ञानेश्वर असतो आणि हवालदाराने लिहिलेला ज्ञानोबा असतो, आडनावाचंही तसंच. ठाणे निवडा, दोन-तीन दिवसांची तारीख टाका आणि पूर्ण यादी वाचा. एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचा, अडचण असली तरी बहात्तर तासांच्या पुढे जायचं नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१६ चा आदेश आहे. लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद असे नाजूक गुन्हे त्यातून वगळलेले आहेत, ते योग्यच आहे. आरोपीच्या वतीने घरच्या माणसाने किंवा वकिलाने रीतसर अर्ज करून फी भरली तर एफआयआरची प्रत चोवीस तासांत द्यायची, हेही त्याच आदेशात आहे. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर गुन्हा रजिस्टर नंबर, ठाणे आणि वर्ष टाकून खटला शोधता येतो. पण दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत खटल्याला नंबर पडत नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात तिथे बहुतेक वेळा रिकामं पान दिसतं. जामीन अर्ज केला असेल तर तो मात्र दिसतो. म्हणून पहिल्या दिवशी संकेतस्थळावर वेळ घालवण्यापेक्षा तालुक्याच्या न्यायालयात रिमांडच्या वेळेला, म्हणजे आरोपीला कोठडीसाठी हजर करतात तेव्हा, जाऊन उभं राहिलेलं बरं. सुट्टी असली तरी रिमांडसाठी न्यायाधीश नेमलेले असतात. वकील लावायला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर फिरवा. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. माझ्याकडे दाखल्यासाठी धावत आलेल्यांना मी हेच सांगते, आधी फोन करा.

माहिती अधिकाराने मिळेल का, असंही लोक विचारतात. मिळू शकतं. माहिती माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ती तीस दिवसांत नव्हे, अठ्ठेचाळीस तासांत द्यायची, असं कलम ७ मध्ये स्पष्ट आहे. अर्जाच्या माथ्यावर तसं ठळक लिहा. तरी मला हा मार्ग आईला सांगताना संकोच वाटतो. लेकरू कुठे आहे हे विचारायला दहा रुपयांचं तिकीट चिकटवायला लावणं बरं नाही.

सगळ्यात वाईट अवस्था ऊसतोडीला गेलेल्यांची होते. दिवाळी झाली की आमचे तांडे आणि वस्त्या रिकाम्या होतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. उचलीवरून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांवरून, मुकादमाशी वाद झाला की फसवणुकीची तक्रार होते, आणि कोयता चालवणारा माणूस तीनशे-चारशे किलोमीटरवरच्या ठाण्यात जाऊन बसतो. इकडे म्हातारे आईबाप आणि शाळेतली पोरं. डी. के. बसू निकालात यासाठीही नियम आहे: जवळचा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल तर विधी सहाय्य संस्था आणि तिथलं पोलीस ठाणे यांच्यामार्फत आठ ते बारा तासांत तारेने कळवायचं. तार २०१३ मध्ये बंद झाली. आता तर तारेची गरजच उरलेली नाही, एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात एक मेसेज पुरे, आणि तिथून पोलीस पाटलाला एक फोन. आमच्या वस्तीवर असा निरोप घेऊन आलेला पोलीस पाटील मला आठवत नाही. निरोप येतो तो टोळीतल्या दुसऱ्या बाईच्या मोबाइलवरून, तोही तिच्याकडे बॅलन्स असेल तेव्हा. कर्नाटकात धरलं तर कागद कानडीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं की अटकेची कारणं त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतील. आमच्या माणसाला ती मराठीत मिळाली पाहिजेत, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या घरच्यांना कुणीतरी वाचून दाखवली पाहिजेत.

कुणी म्हणेल, नावं अशी चव्हाट्यावर लावली तर गरिबाची बदनामी होईल. ही शंका खरी आहे आणि मी ती मनापासून मानते. आमच्या भागात पारधी वस्त्या आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण कुठे चोरी झाली की जीप अजूनही आधी त्याच वस्तीवर जाते. या लोकांना फलकाची गरज सगळ्यात जास्त आहे, कारण त्यांचा माणूस नेला तर विचारायला जाणाऱ्यालाच आत बसवतील अशी भीती असते. आणि नाव वेळेवर पुसलं जाण्याची गरजही त्यांनाच सगळ्यात जास्त आहे. नाव किती दिवस ठेवायचं हे कलम ३७ मध्ये लिहिलेलं नाही. माझं म्हणणं असं की माणूस पोलिसांच्या ताब्यात आहे तोवर नाव फलकावर राहावं. न्यायालयात हजर केलं की कुठे पाठवलं एवढी एक ओळ लिहावी, आणि जामिनावर सुटला की नाव काढावं. अठरा वर्षांखालच्या मुलाचं नाव मुळीच येऊ नये, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने त्याला बंदी आहे. त्याच्या घरच्यांना प्रत्यक्ष कळवावं. फलक ज्याच्यासाठी आहे त्याचं काम झालं की तो कोरा व्हावा.

कारण नाव मागे राहिलं की काय होतं ते मी माझ्या टेबलावर बघते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं चारित्र्य पडताळणीचे अर्ज भरायला माझ्याकडे येतात. पहाटे धावतात, दुपारी अभ्यासिकेत बसतात, आणि फॉर्ममधल्या एका रकान्यापाशी त्यांचा हात थांबतो: तुम्हाला कधी अटक झाली होती का? बांधावरच्या भांडणात अख्ख्या घराची नावं गोवलेली असतात. मी प्रत्येकाला सांगते की लपवू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितलंय की माहिती खरी द्यायची, आणि किरकोळ प्रकरण असेल तर नोकरी देणाऱ्याने त्याचा तारतम्याने विचार करायचा. सुटला असशील तर न्यायालयाच्या नक्कल विभागातून निकालाची प्रमाणित प्रत काढ आणि सोबत जोड. पण त्याच मुलाचं नाव गुगलवर टाकलं की पहिली येते ती अटकेची बातमी. निकालाची बातमी येत नाही, कारण ती कुणी छापलेलीच नसते.

संपादक महोदय, इथे मला तुमच्याशी बोलायचं आहे. अटकेची प्रेस नोट तुमच्या प्रतिनिधीकडे रात्री येते आणि सकाळी पानावर असते, आरोपीच्या चेहऱ्यासकट आणि गावाच्या नावासकट. त्याच माणसाची दोन-चार वर्षांनी निर्दोष सुटका होते तेव्हा कुणीही प्रेस नोट पाठवत नाही. निकालाची प्रत घेऊन तो तालुक्याच्या प्रतिनिधीकडे गेला तर निदान चार ओळी छापा, आणि संकेतस्थळावरच्या जुन्या बातमीखाली त्या जोडा. तसंच, प्रेस नोट आली की तुमच्या प्रतिनिधीने एक प्रश्न हमखास विचारावा: घरच्यांना कळवलं का, किती वाजता? हा प्रश्न रोज विचारला गेला तर महिन्याभरात ठाण्यांमध्ये फरक पडेल, याची मला खात्री आहे.

पोलिसांची अडचण मला कळते. माझा मावसभाऊ पोलिसात आहे. सण, मोर्चे, सभा, परीक्षा, कशाचाही बंदोबस्त त्यांच्याच अंगावर पडतो, आणि ठाण्यात माणसं कमी. पण अटकेची नोंद स्टेशन डायरीत करावीच लागते, अटक पत्रक भरावंच लागतं. तिथलं नाव, पत्ता, गुन्हा आणि वेळ फलकावर उतरवायला फार वेळ लागत नाही. आणि फलकावर बघून उत्तर मिळालं तर दिवसभर ठाण्याच्या दारात ताटकळणाऱ्या नातेवाइकांना दहा वेळा तोंडी उत्तरं द्यायचा त्रासही वाचेल.

माझी मागणी दोन पोलीस परिक्षेत्रांच्या महानिरीक्षकांकडे आहे, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यांच्याच हद्दीत येतात. छत्रपती संभाजीनगर शहराच्या पोलीस आयुक्तांकडेही तीच मागणी आहे. फलक ठाण्याच्या दारात लावावा, आत साहेबांच्या केबिनजवळ नको. त्यावर मराठीत, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत लिहावं. अटकेची वेळ लिहावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ठाणे अंमलदाराने वाचून दाखवावं. एलसीबीने किंवा दुसऱ्या कुठल्या पथकाने माणूस आणला असेल तर त्याचं नाव ज्या हद्दीतून उचलला त्या ठाण्याच्या फलकावरही यावं, कारण घरचे आधी तिथेच धावतात.

आणि तुमच्याकडे एक विनंती. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात नेमलेला तो अधिकारी कोण, त्याचा कार्यालयीन फोन नंबर काय, ही यादी तुमच्या प्रतिनिधींनी आठही जिल्ह्यांच्या अधीक्षक कार्यालयांतून मागवावी आणि जिल्हावार छापावी. ज्या ठाण्यात कुणी नेमलेलंच नाही तिथे तसंच छापावं. बीड जिल्ह्याचं कात्रण मी केंद्राच्या दाराशी, पीक विम्याच्या तारखांशेजारी लावीन. बदल्या झाल्या की यादी पुन्हा छापावी लागेल, तेवढं लक्षात ठेवावं.

आपली विश्वासू,
आपले सरकार सेवा केंद्र चालक,
ता. गेवराई, जि. बीड